तीन चुकीची उत्तरं, तीन वेगळे धडे

ओळखीच्या एका ताईंनी परवा त्यांच्या चौथीतल्या मुलाचा एक अहवाल मला दाखवला. दहाही बोटांचे ठसे घेऊन मूल 'बघून शिकणारं' आहे की 'ऐकून शिकणारं' ते त्यात ठरवलं होतं. पैसे बरेच मोजले होते. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात, त्यांचा वजाबाकीशी काडीचा संबंध नाही. बघून-ऐकून या वर्गवारीचंही तेच. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलांची अशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. मी ताईंना म्हटलं, अहवाल राहू दे, त्याची गणिताची वही दाखवा.

वहीत ५०३ − २१८ चं उत्तर ३८५ लिहिलं होतं. शेजारी लाल फुली आणि शून्य गुण.

बरोबर उत्तर २८५. पण याच गणिताला वर्गातली दुसरी मुलगी ३१५ लिहील, तिसरा ३९५. गुण तिघांनाही शून्य, म्हणून तिघं एकाच रांगेत 'कच्चे' ठरतात. आता डोकं कसं चाललं ते पाहा. ३१५ वाली मुलगी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते: आठातून तीन, एकातून शून्य, पाचातून दोन. 'लहानातून मोठा जात नाही' हे तिने इतकं मनावर घेतलंय की वरचा अंक कुठला, खालचा कुठला, हे ती बघतच नाही. ३९५ वाल्याला हातचा घ्यायचा असतो हे ठाऊक आहे, पण ज्या घरातून घेतला तिथला एक तो कमी करत नाही. आणि आपला ३८५ वाला? त्याने शून्याचे नऊ केले, पण ते दशक आले कुठून हे विसरला. शतकाचे पाच पाचच राहिले.

अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांवर निबंध लिहिला. संगणकाच्या आज्ञावलीत एखादी ओळ चुकली की ती दरवेळी तीच चूक करते. पुष्कळ मुलांची चूकही तशीच शिस्तीत होते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे मूल नियम पाळतंच, फक्त तो नियम चुकीचा असतो.

मला सगळ्यात आवडणारा भाग यापुढचा आहे. चाचणीत ५२ − २७ दिलं असतं तर? मोठ्यातून लहान काढणारी मुलगी लिहील ३५. हातचा घेऊन दशक कमी न करणाराही लिहील ३५! दोन वेगळे दोष, उत्तर एकच. ५०३ − २१८ त्यांना वेगळं करतं, ५२ − २७ करत नाही. एका उत्तरावर मात्र विसंबू नये, ती नुसती गडबडही असू शकते. म्हणून ६०४ − २३७ द्यायचं. तिथे ४३३, ४७७ किंवा ४६७ आलं, तर निदान बरंच पक्कं. (बरोबर उत्तर ३६७.)

चाळीस मुलांच्या वर्गात हे कसं जमवायचं? अशी चार-पाच गणितं फळ्यावर लिहावीत आणि वह्यांचे गठ्ठे गुणांप्रमाणे न करता उत्तरांप्रमाणे करावेत. ३१५ च्या गटाला दोन अंकी संख्यांकडेच परत न्यावं लागतं, ५२ काड्यांमधली दहाची एक जुडी सुटी करून. ३९५ च्या गटाने जुडी सोडल्यावर उरलेल्या जुड्या मोजून लिहायच्या. ज्यांना येतंय त्यांना रिकाम्या चौकटी द्याव्यात: कुठले अंक घातले तर चुकीच्या रीतीनेही उत्तर बरोबर येईल? हे खरंच अवघड आहे. आठवड्याने पुन्हा चाचणी, पुन्हा नवे गट. गट कायमचे झाले की त्यांना 'ढ' आणि 'हुशार' अशी नावं पडतात, आणि ती मला फार टोचतात.

ताईंच्या मुलासमोर मी काड्या ठेवल्या. शंभराचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या. आठ काढायला सांगितल्या. तो थांबला, मग एका गठ्ठ्याचं रबर काढलं. आतून दहा जुड्या निघाल्या. त्यातली एक सोडली आणि तो उरलेल्या जुड्या मोजू लागला. नऊ. मग गठ्ठ्यांकडे बघून म्हणाला, "अरे, हे चारच राहिले."