ज्याचा अनुभव, त्याचाच आवाज : ऑडिओ डॉक्युमेंटरीची पार्श्वभूमी

युद्ध, स्थलांतर, एखाद्या राजवटीची अखेर यांवरची ऑडिओ डॉक्युमेंटरी लावली, की पहिल्या दोन मिनिटांतच प्रत्यक्ष तिथे असलेले माणूस बोलू लागते. अडखळत, मध्येच थांबत, आपल्या बोलीत. हे आता इतके अंगवळणी पडले आहे, की एके काळी सामान्य माणसाला रेडिओवर असे बोलू देतच नसत हे खरे वाटत नाही. १९३०च्या दशकात बीबीसीवर एखाद्या कामगाराला बोलवायचे, तर आधी त्याचे म्हणणे टिपून घेतले जाई, त्यावर संपादकाची लेखणी फिरे आणि मग ती तयार संहिता त्याच्याकडूनच वाचून घेतली जाई. पुष्कळदा तर त्याच्या जागी नटच वाचत. या माध्यमाचा इतिहास मला म्हणूनच यंत्रांपेक्षा त्या संहितेतून झालेल्या सुटकेचा इतिहास वाटतो. अर्थात, यंत्र हलके झाल्याशिवाय ती सुटका झाली नसती.

ही रीत मोडणाऱ्यांत मँचेस्टरच्या निर्मात्या ऑलिव्ह शॅपली यांचे नाव आधी घ्यायला हवे. त्यांच्या दिमतीला होती ती ध्वनिमुद्रणाची गाडी २७ फूट लांब आणि ७ टनांहून जड होती. एका तबकडीवर चारेक मिनिटांचेच बोलणे मावे. एवढे धूड घेऊन शॅपली बेघरांपर्यंत आणि खाणकामगारांच्या वस्त्यांपर्यंत पोचल्या. १९३९ मध्ये त्यांनी डरहॅममधल्या एका खाणकामगाराच्या पत्नीला फ्रान्समधल्या खाणगावात नेले आणि दोन देशांतले संसार त्या बाईंच्या नजरेतून श्रोत्यांपुढे मांडले.

अमेरिकेतल्या मोठ्या रेडिओ कंपन्यांचा नियम आणखी कडक होता. ऐकवायचे ते थेट, मुद्रित काही चालणार नाही. ६ मे १९३७ रोजी न्यू जर्सीत हिंडेनबर्ग हे हवाई जहाज पेटले आणि ३६ जण दगावले. शिकागोच्या एका केंद्राचे हर्बर्ट मॉरिसन त्या वेळी तिथे तबकडीवर वर्णन मुद्रित करत होते. त्यांचा रडवेला आवाज दुसऱ्या दिवशी ऐकवण्यासाठी एनबीसीला आपला नियम बाजूला ठेवावा लागला. पण त्यातला आकांत वार्ताहराचा आहे, प्रवाशांचा नाही. एप्रिल १९४५ मध्ये बीबीसीचे वार्ताहर रिचर्ड डिम्बलबी यांनी बेर्गन-बेल्झन या नाझी छळछावणीतून पाठवलेला वृत्तांत आजही ऐकणे असह्य होते. बीबीसीलाही तो इतका अविश्वसनीय वाटला, की तो लगेच प्रसारित झाला नाही. तरी त्यातही बोलतात ते डिम्बलबीच.

अशा छळातून वाचलेल्या माणसांना सविस्तर बोलते केले ते एका मानसशास्त्रज्ञाने. लाटव्हियात जन्मलेले आणि शिकागोत शिकवणारे डेव्हिड बोडर १९४६ च्या उन्हाळ्यात युरोपात आले, ते पोलादी तारेवर आवाज मुद्रित करणारे यंत्र घेऊन. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनीतल्या निर्वासितांच्या त्यांनी सुमारे १३० मुलाखती घेतल्या. मुलाखती नऊ भाषांत आहेत, कारण प्रत्येकाने आपल्याला सोयीच्या भाषेत बोलावे हा बोडर यांचा आग्रह होता. ते मध्येच अडवतात, तेच पुन्हा विचारतात. छळछावण्यांत नेमके काय घडले याची जगाला तेव्हा पुरती कल्पना आलेली नव्हती आणि ते न कळणे त्या मुद्रणांत जसेच्या तसे उतरले आहे. या मुलाखती रेडिओसाठी नव्हत्या. तरीही जगाच्या उलथापालथीची कथा एकेका माणसाकडून ऐकायची, या पद्धतीचा इतका मोठा आरंभ मला दुसरा दिसत नाही. पॅरिसजवळच्या एनोंव्हिल इथे त्यांनी निर्वासितांची गाणीही मुद्रित केली होती. चुकीच्या नोंदीमुळे हरवलेले ते रीळ अनेक दशकांनी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या संग्रहात सापडले.

चित्र पालटले ते चुंबकीय टेपमुळे. जर्मनीतल्या एईजी कंपनीने आपले टेप यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले होते. युद्धानंतर हे तंत्र अमेरिकेत गेले आणि १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी हातात नेता येईल असे ‘नाग्रा’ यंत्र बनवले. टेप पात्याने कापता येते, जोडता येते. तबकडीच्या काळात अवघड असलेले संकलन आता टेबलावर बसून करता येऊ लागले.

त्याचा पुरेपूर उपयोग केला बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर आणि लोकगायक युअन मॅककॉल व पेगी सीगर या तिघांनी. १९५७ मध्ये जॉन ॲक्सन या इंजिनचालकाने ब्रेक निकामी झालेली मालगाडी सोडून उडी मारायला नकार दिला आणि त्यातच त्याचा जीव गेला. त्याच्यावर कार्यक्रम करायचा ठरला, तेव्हा बेत जुनाच होता : रेल्वे कामगारांशी बोलायचे आणि त्यावरून नटांसाठी संहिता लिहायची. पण टेप ऐकल्यावर मॅककॉल यांच्या लक्षात आले, की या बोलण्यातला जोर कुठल्याही नटाला आणता येणार नाही. २ जुलै १९५८ रोजी कार्यक्रम प्रसारित झाला, तेव्हा त्यात फक्त गाणी आणि खऱ्या कामगारांचे आवाज होते. निवेदकही नव्हता. असे आठ कार्यक्रम झाले आणि १९६४ मध्ये मालिका थांबली. या एका निर्णयाचे ऋण आजच्या प्रत्येक निर्मात्यावर आहे असे मी मानतो.

मग हीच रीत थेट बातमीत शिरली. ३ मे १९७१ रोजी एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओ संस्थेने आपल्या नव्या संध्याकाळच्या कार्यक्रमाची सुरुवात व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या वॉशिंग्टनमधल्या निदर्शनांनी केली. त्या दिवशी सात हजारांवर माणसे पकडली गेली. वार्ताहर टेप यंत्रे घेऊन गर्दीतच होते. निदर्शकांच्या अंगावर मोटारसायकल घालणे ही तुमची पद्धत आहे का, असे एक वार्ताहर पोलिसाला तिथल्या तिथे विचारतो आणि पोलिसाचे उत्तरही ऐकू येते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एनपीआर आणि अनेक स्वतंत्र निर्मात्यांनी लोकांकडून फोनवरचे निरोप आणि त्या इमारती उभ्या असतानाचे आवाज गोळा केले.

पॉडकास्टने प्रसारणाच्या वेळेचे बंधन काढून टाकले. एका घटनेवर पाच-सहा तास बोलता येऊ लागले. २०२० मध्ये पुलित्झर पुरस्कारांत ऑडिओ पत्रकारिता हा विभाग प्रथमच आला. तो पहिला मान मिळाला अमेरिका-मेक्सिको सीमेवर आश्रय मागणाऱ्यांना मेक्सिकोतच थांबवण्याच्या धोरणावरच्या एका कार्यक्रमाच्या भागाला. त्यात आश्रय मागणाऱ्यांबरोबर त्यांचे अर्ज तपासणारे अधिकारीही बोलतात. त्यांची घुसमट कुठल्याही सरकारी पत्रकात आली नसती.

पण खरा वाटणारा आवाज म्हणजे खरी हकीकत नव्हे, हेही त्याच वर्षी दिसले. न्यूयॉर्क टाइम्सची इस्लामिक स्टेटवरची ऑडिओ मालिका २०१८ मध्ये खूप गाजली होती. तिचा बराचसा भार त्या संघटनेत असताना आपण अत्याचार केले, या एका तरुणाच्या कबुलीवर होता. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी हा बनाव असल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. पुढे तो खटला मागे घेतला गेला. पण वृत्तपत्राने स्वतः फेरतपासणी केली, तेव्हा त्याने सांगितलेल्या अत्याचारांना पुरेसा दुजोरा मिळाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये टाइम्सने तसे जाहीर केले आणि मालिकेला मिळालेला पीबडी हा प्रसारण क्षेत्रातला पुरस्कार परत केला.