पुठ्ठ्याचं चर्च आणि माळवदाचं वजन

पुठ्ठ्याचं चर्च म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर गणपतीचं मखरच आलं होतं, थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठ्याची मिळतात ना, तसलं काहीतरी. न्यूझीलंडला ख्राइस्टचर्चमधे प्रत्यक्ष समोर उभा राहिलो तेव्हा मान मागे टाकून बघावं लागलं. वीस मीटरहून उंच, उतरत्या छपराचा एक भलामोठा त्रिकोण, आत सातशे माणसं बसतील एवढी जागा. दोन्ही बाजूंना मिळून आठ शिपिंग कंटेनर आणि त्यांच्या डोक्यावरून वर एकमेकींकडे झुकत गेलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, शंभरेक तरी असतील, एकेक जवळपास दोन फूट जाडीची. कापडाच्या दुकानात तागा संपला की आतून पुठ्ठ्याची नळी निघते, ही तिचीच थोरली बहीण. नळ्यांमधे बोटभर फटी आहेत, वर पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लॅस्टिकचं छप्पर, त्यामुळे दिवसा आत मऊ पट्ट्यापट्ट्यांचा उजेड पडतो. हात लावून बघायची फार इच्छा होती, पण सगळ्या नळ्या माझ्या टप्प्याच्या वर.

22 फेब्रुवारी 2011 ला दुपारी 12:51 ला इथे भूकंप झाला, 185 माणसं गेली. त्यातली 115 एकाच काँक्रीटच्या बिल्डिंगमधे, ती जागा इथून चालत काही मिनिटांवर आहे. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या दगडी कॅथेड्रलचा मनोरा कोसळला, मग तात्पुरतं चर्च हवं म्हणून शिगेरू बान या जपानी आर्किटेक्टला विचारलं, त्याने फी न घेता डिझाइन करून दिलं, 2013 मधे ते उघडलं.

आता कळीचा मुद्दा. भूकंपात जमीन तुम्हाला येऊन मारत नाही, तुमचंच घर मारतं. जमीन बाजूला सरकते, घराचं वजन मात्र जागेवरच राहायला बघतं, आणि जेवढं वजन जास्त तेवढा भिंतींवर येणारा जोर जास्त, शाळेतला न्यूटनचा दुसरा नियम, बाकी काही नाही. आपल्याकडे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते आठवा. तीव्रता दोन्हीकडे साधारण सारखीच, 6.2 च्या आसपास, दोन्ही उथळ. पण किल्लारीत मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर टाकलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा एक नंबर, पण डोक्यावर टनावारी वजन, आणि विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. आठ-दहा हजार माणसं गेली. वेळेचा फरक आहेच, पण वजनाचा फरक विसरून चालणार नाही.

मग कागद हलका, हे कबूल, पण तो उभा कसा राहतो? एक पोस्टकार्ड उभं करून बघा, लगेच वाकतं. तेच गुंडाळून रबर लावा आणि वर वही ठेवा, आरामात पेलतं. कागद तोच, पण आता तो मध्यापासून लांब, गोलाकार पसरलाय, त्यामुळे कुठल्याच बाजूला सहज वाकत नाही. कळक आतून पोकळ असूनही ताठ उभा राहतो तो याचमुळे. आणि या नळ्या म्हणजे कागदाच्या पट्ट्या गोंद लावून तिरक्या गुंडाळत थरावर थर चढवलेल्या.

थोडी चीटिंग आहे हे मात्र सांगायलाच हवं. इथल्या नळ्यांच्या आत लाकडी तुळया आहेत. बानला नळ्यांनीच भार घ्यायला हवा होता, पण एवढ्या जाड भिंतीच्या नळ्या तिथे स्थानिक बनवून मिळेनात. मला आधी फसवल्यासारखं वाटलं, नंतर म्हटलं ठीक आहे, पन्नास वर्षं टिकायचंय त्याला, आणि कागदावर सतत वजन ठेवलं की तो वर्षानुवर्षं कणाकणाने दबत जातो. पाणी तर त्याचं वैरीच, कारण कागदाचे तंतू एकमेकांना ज्या नाजूक हायड्रोजन बंधांनी धरून असतात त्यात पाणी शिरलं की पकड सुटते, चहात बुडवलेल्या पावासारखं. म्हणून नळ्यांना वॉटरप्रूफ कोटिंग. आगीची भीती त्यामानाने कमी, सुटा कागद भकभक पेटतो पण घट्ट गुंडाळलेला वरवर कोळसतो, आत हवाच पोचत नाही (तरी आगरोधक लेप आहेच).

खरोखर पुठ्ठ्यावर उभं राहिलेलं चर्च बघायचं तर 1995 च्या भूकंपानंतर बानने जपानमधल्या कोबेला बांधलं ते. 58 नळ्या, प्रत्येक पाच मीटर उंच, भिंतीची जाडी फक्त दीड सेंटिमीटर, स्वयंसेवकांनी पाच आठवड्यांत उभं केलं. दहा वर्षं वापरलं, मग नटबोल्ट खोलून जहाजाने तैवानला नेलं, 1999 च्या भूकंपाचा मार बसलेल्या भागात, आणि 2008 पासून ते तिथे आहे. इकडे ख्राइस्टचर्चच्या दगडी कॅथेड्रलची दुरुस्ती 2024 मधे पैशाअभावी थांबली.

कोबेत त्याने बेघर लोकांसाठी नळ्यांची घरंही बांधली होती, खाली पाया म्हणून वाळू भरलेले बिअरचे क्रेट. 2001 च्या भूकंपानंतर भुजमधे तशीच घरं करायला आला तर क्रेट मिळेनात (गुजरातेत दारूबंदी, मिळणार कुठून!). मग छपराला बांबू आणि चटया, मातीची जमीन, आणि पायाला पडलेल्या घरांचाच मलबा.