ठासणीची बंदूक: आधी पाणी, मग तेल

खंडेनवमी जवळ आली की आमच्या दुकानात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून काळी दारू ठासून भरायच्या, बंदुकांची रांग लागते. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगडकडची मंडळी पूजेआधी "जरा साफ करून द्या" म्हणून बंदूक आणतात. दस्त्याला पॉलिश असतं, घोडा चकचकीत असतो, पण नळीतून चिंधी फिरवली की ती तांबडी-काळी होऊन बाहेर येते. विचारलं की बहुतेक जण एकच सांगतात, "अहो, तेल मारूनच ठेवली होती की!" हे माहितीपत्रक त्यासाठीच काढलं आहे.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. ती जळते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे उरतं. त्यातलं बरंच धुरावाटे उडून जातं आणि बाकीचं नळीत, निपलच्या (केप बसवायच्या छोट्या पोकळ तुकड्याच्या) आट्यांत आणि बुडाशी चिकटून बसतं. ही राख म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंड खातात. ते पाण्यात लगेच विरघळतात, तेलात अजिबात विरघळत नाहीत. राखेवर तेल मारलं की राख जागच्या जागी राहते आणि तेलाखाली गंज सुरूच राहतो. वरून नळी काळी, तेलकट आणि छान दिसते, त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत कुणाला शंकाही येत नाही.

पाण्याची भीती आम्ही समजू शकतो. लोखंड आणि पाणी एकत्र आलं की गंज, हे सगळ्यांनाच लहानपणापासून माहीत असतं. आमच्या ग्राहकांत माजी सैनिकही बरेच आहेत. त्यांचा हात नव्या रायफलींवर बसलेला, त्यामुळे ब्रश आणि तेल हीच सवय. त्यांना आम्ही सांगतो की जुन्या .३०३ रायफलीच्या काळातही गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतायची पद्धत होती, कारण त्या काडतुसांच्या टोपीतूनही असेच क्षार मागे राहत. पाणी नळीत राहू दिलं तर नुकसान करतं. धुऊन लगेच कोरडं केलं तर त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

धुवायची रीत सोपी आहे, पण बार केला त्याच दिवशी धुवा. आधी गज (दारू ठासायची लांब सळई) आत सोडून बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. रिकाम्या नळीत गज किती आत जातो त्याची खूण गजावर आधीच करून ठेवली तर ही तपासणी क्षणात होते. निपल काढून वेगळं भिजत घाला. नळी दस्त्यापासून सुटत असेल तर बुडाकडची बाजू कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा आणि गजाला घट्ट चिंधी लावून वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होऊन सगळी राख सुटते. पाण्यात थोडा साबण चालेल. नळी सुटत नसेल तर दस्त्याच्या लाकडाला पाणी लागू न देता ओल्या चिंध्यांनी हेच काम करा, फक्त वेळ जास्त लागेल. चिंधी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. मग कोरड्या चिंध्या आणि त्यानंतर शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. फार कढत पाणी वापरलं तर नळी झटकन वाळते खरी, पण आत लालसर झाक येते. ती तेलाच्या चिंधीने पुसली की जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक चिंधी फिरवून बघा. तपकिरी आली तर आणखी एकदा तेल.

गाडीचं जळकं ऑइल वापरू नका. खोबरेल किंवा गोडं तेलही साठवणीला नको, ते कालांतराने चिकट होतं.

निपलच्या आट्यांना परत बसवताना ग्रीसचं बोट लावा. आमचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. न धुतलेलं निपल गंजून नळीशी एकजीव होतं. मग ते दिवसेंदिवस तेलात मुरवत ठेवावं लागतं आणि घाई केली तर निपलची मान तुटते. "एवढंसं तर काम, इतके दिवस का?" असं विचारणाऱ्यांना आम्ही ते निपल हातात देऊन दाखवतो. अडकलेल्या निपलची मजुरी आम्ही वेगळी लावतो. ती योग्यच आहे, आणि धुतलेल्या बंदुकीला ती कधीच पडत नाही.

नळीचं नुकसान मात्र भरून निघत नाही. गंजाने खड्डे पडले की पुढच्या वेळी राख त्यात अडकते, आणि पेटती ठिणगीही अडकू शकते. तशा नळीत लगेच दारू ओतली तर ती हातातच पेटण्याचा धोका असतो. म्हणून दोन बारांमध्ये थोडं थांबा आणि दारू नेहमी मापातून ओता, डब्यातून थेट कधीही नको. काडतुसातली बिनधुराची दारू ठासणीत घालायचा विचारसुद्धा करू नका. तिचा दाब या नळीला पेलत नाही, आणि माणूस जखमी होतो. खोल खड्डे पडलेली नळी आम्ही घासून "नवी" करून देत नाही. तेवढीच भिंत पातळ होते. काही ग्राहक यावरून नाराज होतात, पण ही बंदूक तुमच्या गालाजवळ वाजणार आहे.

"केप (निपलवरची ठिणगी देणारी छोटी टोपी) वाजते, बार होत नाही" ही तक्रारही बहुधा तेलाचीच असते. तेल ओघळून निपलच्या वाटेत साचतं. ठेवताना पहिला दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवा. भरण्याआधी नळी कोरडी पुसा आणि रिकाम्या बंदुकीवर सुरक्षित दिशेला एक-दोन केपा वाजवून वाट मोकळी करा. भरलेल्या बंदुकीचा बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. दारू उशिरा पेटू शकते.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असेल तर ती आधी धुऊन, तेल लावूनच द्या. तिथे ती आठवडे-महिने पडून राहते आणि मधे तुमचा हात तिला लागत नाही. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. त्या वर्षी आमच्याकडे आलेल्या खराब नळ्यांमागे बहुतेक वेळा हेच कारण होतं.

तरुण ग्राहक हल्ली शार्प्स, रोलिंग ब्लॉक अशा जुन्या एकबारी रायफलींच्या नव्या प्रतिकृतींबद्दल विचारतात. इटलीत उबर्ती, पेदेर्सोली यांसारखे कारखाने त्या उत्तम बनवतात, आणि काळ्या दारूवर चालणाऱ्या त्या रायफलींनाही पाण्यानेच धुवावं लागतं. पण आपल्याकडे परदेशी शस्त्र आणणं सोपं नाही. ही सवलत मुख्यतः नामांकित नेमबाजांसाठी आहे. जुन्या पद्धतीच्या नेमबाजीची हौस असेल तर परवान्यावर भारतीय बनावटीची ठासणीची बंदूक हाच सरळ रस्ता आहे, आणि नीट धुतली तर ती पुढच्या पिढीलाही चालते.

पितळी गज, निपलचा पाना, जाड सुती चिंध्या आणि मेणाचं वंगण आमच्याकडे मिळतं. संच घेतला नाही तरी धुवायची रीत आम्ही समोर करून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही. बंदूक आणताना ती रिकामी असावी आणि मूळ परवाना सोबत असावा. परवान्याशिवाय आम्ही बंदूक हातात घेत नाही. नोंदवहीत नोंद करावी लागते, मग ग्राहक कितीही जुना असो. खंडेनवमीला हवी असेल तर गणपती विसर्जन होताच आणा. शेवटच्या चार दिवसांत आलेल्या बंदुकीची वरवरची पुसणी होईल, अडकलेलं निपल दिवाळीनंतरच निघेल. पूजेत नळीवर हळदकुंकू लावलंत तर दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तेलाचा हात फिरवा.