मोटारसायकलचे गिअर लिंकेज

गिअर पेडलची हालचाल गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत पोहोचवणारी बाहेरची जोडणी. पायाखालचे पेडल, त्याची पिन व बुश, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेला रॉड आणि शाफ्टच्या दात्यांवर बसणारा छोटा आर्म, एवढेच तिचे भाग. अनेक साध्या गाड्यांत पेडल थेट शाफ्टवर बसते, तिथे लिंकेज नसतेच. फूटरेस्ट मागे सरकला की पेडलही शाफ्टपासून लांब जाते आणि मधले अंतर रॉडने जोडावे लागते.

एका दाबीला एकच गिअर बदलून पेडल पुन्हा मध्यावर यावे, ही रचना व्हेलोसेट या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीच्या हॅरल्ड विलिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस शर्यतीच्या गाड्यांसाठी तयार केली. ब्रिटिश गाड्यांत पेडल बराच काळ उजव्या पायाशी होते. अमेरिकेने ते डावीकडे सक्तीचे केल्यावर नॉर्टनने १९७५च्या कमांडो मार्क ३ मध्ये आडवा शाफ्ट घालून ही हालचाल पलीकडच्या बाजूला नेली.

गिअर अडकू लागले, मध्येच फॉल्स न्यूट्रल (दोन गिअरांच्या मध्ये कोणताच गिअर न लागणे) लागू लागले की संशय आधी गिअरबॉक्सवर जातो. इंजिन खोलण्याआधी दोन मिनिटे लिंकेजला द्यावीत. एका हाताने शाफ्टवरचा आर्म घट्ट धरून दुसऱ्या हाताने पेडल वरखाली हलवावे. आर्म जागचा हलत नाही, पण पेडल हलते, तर तेवढी हालचाल वाटेत वाया जाते आहे. बुश, दोन बॉल जॉइंट आणि आर्मचे दाते यांतला थोडाथोडा खेळ एकत्र येतो आणि पेडल पूर्ण दाबूनही शाफ्ट पुरेसा फिरत नाही. लिंकेज घट्ट असेल, तर क्लच पूर्ण सुटतो का हे पाहावे. गिअरबॉक्सचा नंबर त्यानंतर.

रॉडच्या एका टोकाला नेहमीचे आटे असतात, दुसऱ्याला उलटे. त्यामुळे रॉड न काढता, नुसता फिरवून त्याची लांबी कमीजास्त करता येते. आट्यांचे अंतर १ मिमी असेल, तर एका पूर्ण फेऱ्यात लांबी २ मिमी बदलते. उलट्या आट्याच्या लॉक नटवर (रॉड आपोआप फिरू न देणाऱ्या नटवर) बऱ्याचदा खूण असते, पण ती ग्रीस आणि चिखलाखाली दडलेली असते. ती न पाहता पाना लावला, तर नट सुटायचा सोडून आणखी आवळला जातो आणि जोर वाढवला की आटे मरतात. ही चूक एकदा तरी सगळ्यांच्या हातून होते.

रॉड बदलताना जुन्याची लांबी बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवावी. आर्म काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्ट या दोन्हींवर एका ओळीत रंगाची रेघ मारावी. शाफ्टवर ३० दाते असतील, तर एक दाता चुकला तरी आर्म १२ अंशांनी सरकतो. आर्मचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही. अनेक गाड्यांत तो शाफ्टच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण बाहेर काढावा लागतो. तरीही आर्म निघाला नाही, तर आर्मच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून ती किंचित उघडावी. हातोडा मारू नये, त्याचा घाव थेट शाफ्टमार्गे आत पोहोचतो.

नवा रॉड बसवताना आर्म आणि रॉड यांच्यात जवळपास काटकोन ठेवावा. कोन फार मिटला किंवा उघडला, की तेवढ्याच दाबाने शाफ्ट वळवायला कमी जोर मिळतो. पेडलची उंची बुटाच्या टोकाला बेताची हवी. फार खाली असले तर वरचा गिअर टाकताना पाय अडखळतो. दोन्ही टोकांचे आटे पुरेसे आत आहेत ना, हे पाहून मगच लॉक नट आवळावेत. मग मागचे चाक उचलून, हाताने फिरवत सगळे गिअर टाकून पाहावेत, कारण चाक थांबलेले असताना काही गिअर लागतच नाहीत आणि दोष नसलेल्या ठिकाणी दिसू लागतो.

देखभाल थोडीच आहे. पिन काढून पुसावी आणि ताजे ग्रीस लावावे. बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली की आत धूळ शिरते आणि जॉइंट लवकर झिजतो. ज्या उघड्या जॉइंटमध्ये टेफ्लॉनचे अस्तर असते, त्यांना मात्र ग्रीस लावू नये. त्यात कचरा चिकटतो आणि अस्तर घासले जाते. आर्मचा बोल्ट मधूनमधून तपासावा. शाफ्ट पोलादी आणि आर्म बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून बोल्ट सैल राहिला की आधी आर्मचे दाते गोल होतात. झिजलेल्या दात्यांवर बोल्ट कितीही आवळला, तरी काही दिवसांत तो पुन्हा सैल होतो. तिथे आर्मच बदलावा.

लॉक नट सुटून रॉड वाटेतच निखळला, तर गाडी त्या वेळच्या गिअरमध्ये अडकते. अशा वेळी गाडी थांबवून, क्लच दाबून आर्म हाताने सरकवता येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू घर गाठता येते.