रुपेरी डायकॉन्ड्रा

हरिणपदी कुलातील एक बहुवर्षायू, पसरणारी वेल. शास्त्रीय नाव डायकॉन्ड्रा अर्जेंटिया. मुंबईच्या नर्सऱ्यांत ती बहुधा ‘सिल्व्हर फॉल्स’ या वाणाच्या नावाने विकली जाते. मूळस्थान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग व मेक्सिको. रताळे, गारवेल आणि कोकण किनाऱ्यावर वाळूत पसरणारी मर्यादवेल याच कुलातल्या. त्यांची फुले ठसठशीत असतात. हिची मात्र बारीक, फिकट हिरवट-पिवळी असून पानांखाली झाकली जातात. शोभा सगळी पानांची.

पाने वृक्काकार (मूत्रपिंडाच्या आकाराची), साधारण 1 ते 2.5 सेंमी. रुंद. पानांवर व खोडावर दाट रेशमी लव असते आणि रुपेरी रंग तिचाच. ही लव ऊन परतवते व पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन कमी करते. जमिनीवर वेल 5 ते 8 सेंमी.पेक्षा फारशी उंच होत नाही; टांगत्या कुंडीतून मात्र तिच्या सरी (लोंबत्या फांद्या) मीटर-दीड मीटर खाली येतात. खोड मातीला टेकले की पेऱ्यांवर मुळे फुटतात.

मुंबईतली लागवड : मेक्सिको व अमेरिकेच्या सीमेवरच्या ज्या चिवावा वाळवंटी प्रदेशात ही वेल आढळते, तिथे वर्षाला सरासरी 250 मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत 2,000 मिमी.हून अधिक, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लागवडीतल्या बहुतेक अडचणी या फरकातून येतात. थंडीचा इथे प्रश्नच नाही. कडक थंडीच्या देशांत ही वेल एका हंगामापुरती लावतात, मुंबईत पावसाळा निभावला तर ती वर्षानुवर्षे टिकते. एप्रिल-मेच्या उन्हाला घाबरून तिला सावलीत ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण तिला धोका जूननंतरच्या ओलीचा असतो.

चार-पाच तास थेट ऊन मिळणारी दक्षिण किंवा पश्चिमेची गॅलरी उत्तम. सावलीत पाने हिरवट पडतात, पेरी लांबतात आणि वेल विरळ दिसते. नुसती लाल माती पावसाळ्यात घट्ट बसते, म्हणून तिच्यात निम्म्याच्या आसपास जाडी रेती किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि मूठभर गांडूळखत मिसळावे. कोकोपीट पाणी धरून ठेवते. ते थोडेच घालावे. खताचा मारा करू नये, त्याने वाढ लुसलुशीत होते.

पाणी बोटभर खोलवर माती सुकल्यावरच द्यावे. तहानलेल्या वेलीची पाने मिटल्यासारखी होऊन लोंबतात व पाणी मिळताच सावरतात. मूळकूज लागलेली वेलही तशीच मलूल दिसते, आणि इथेच घात होतो : पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते. अशा वेळी कुंडी उचलून पाहावी. हलकी असेल तर तहान. जड असून बुंध्याशी खोड काळपट, मऊ पडले असेल तर मूळकूज. मग पाणी बंद करून निरोगी शेंडे लगेच कापून दुसरीकडे लावावेत, कारण कुजलेली मुळे सुधारत नाहीत.

पावसाळ्यात कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला न ठेवता छपराखाली, पण उजेडात व वाऱ्यावर टांगावी. लवेत पाणी अडकून पाने चिकटली की बुरशी धरते. त्यासाठी मे अखेरीस वेल निम्मी छाटून मोकळी करणे फार उपयोगी पडते. कुंडीखाली बशी ठेवू नये; साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही वाढतात. मात्र खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळणार नाही, अशी जागा आधीच पाहावी. पाणी सकाळी, कुंडी आत घेऊन घालावे आणि निथळल्यावर परत टांगावी.

कीड फारशी लागत नाही. पिठ्या ढेकूण लागला, तर पांढरा असल्याने रुपेरी पानांत उशिरा लक्षात येतो. पेऱ्यांची बेचके तपासावीत आणि सौम्य साबणाच्या पाण्यात मिसळलेले कडुनिंबाचे तेल संध्याकाळी फवारावे.

अभिवृद्धी (नवी रोपे करणे) : जुन्या कुंडीत वरचा भाग उघडा पडतो आणि पाने फक्त खालच्या टोकांना उरतात. अशा वेळी दोन-तीन लांब सरी वर घेऊन मातीवर गुंडाळाव्यात व केसांच्या पिनांनी पेऱ्यांपाशी दाबून ठेवाव्यात. काही आठवड्यांत तिथे मुळे धरतात. छाटलेल्या शेंड्यांची कलमेही ओलसर रेतीत सहज रुजतात. बियांपासूनही रोपे होतात, पण घरच्या बागेसाठी कलम सोपे आणि भरवशाचे. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी मुंबईतला सर्वांत चांगला काळ. तेव्हा लावलेली वेल पुढच्या जूनपर्यंत चांगली मुळे धरते.