१४५३ ला प्रबोधन सुरू झालं? नाही हो

शाळेत सगळ्यांनी घोकलंय, १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकलं, ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीला पळाले आणि युरोपात प्रबोधन सुरू झालं. पाच मार्कांना ठीक आहे, पण तारखा लावून बघा की जरा. इटालियन कवी पेट्रार्क, ज्याला मानवतावादाचा (म्हणजे जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ नव्याने अभ्यासायच्या चळवळीचा) जनक म्हणतात, तो १३७४ लाच वारला. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरानं पगार देऊन बोलावलेला ग्रीक पंडित क्रिसोलोरास तिथे ग्रीक शिकवायला लागला १३९७ ला, म्हणजे या पळापळीच्या ५६ वर्षं आधी, आणि वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा तो फेमस घुमट पण १४३६ लाच बांधून झालेला!

मग १४५३ चं काहीच नाही का? आहे ना, माणसं आली, पोथ्याही आल्या. पण ग्रीक पंडित बेसारियन, ज्याने आपला ग्रीक पोथ्यांचा संग्रह १४६८ ला व्हेनिसला देऊन टाकला, तो शहर पडायच्या कितीतरी आधीपासून इटलीत कार्डिनल (कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू) होता, पळून वगैरे आलेला नाही. शहर पडल्यावर मात्र त्याने पोथ्या जमवायचा सपाटा लावला.

माझ्या मते खरा धक्का दिला छापखान्याने. गुटेनबर्गचं बायबल साधारण १४५५ चं, अंदाजे १८० प्रती. पुढे व्हेनिसात आल्डस मानुशियस या छापखानेवाल्याने ग्रीक जाणकार हाताशी धरून १४९५ ते १४९८ मध्ये ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये छापला आणि १५०१ पासून हातात मावतील अशी छोटी पुस्तकं काढली, आजच्या पॉकेट बुकांचे पणजोबाच म्हणा.