करिअर पद्धत (टेबलटॉप फँटसी रोलप्लेइंग गेम)

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या फँटसी गेममध्ये आपलं कॅरेक्टर आज कुठला धंदा करतंय, त्यात काय शिकतंय आणि इथून पुढं त्याला कुठं कुठं जाता येईल, हे ठरवणाऱ्या नियमांना करिअर पद्धत म्हणतात. नुसती लेव्हल वाढली, ताकद वाढली एवढ्यावर हे भागत नाही. इथं माणूस हुद्दा बदलतो, धंदा बदलतो, कधी कधी खालीही येतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

या प्रकारच्या गेमची सुरुवात १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून धरतात. तिथं क्लास (कॅरेक्टरचा ठरलेला प्रकार) आणि लेव्हल, म्हणजे लढवय्या तो लढवय्याच, पॉइंट साठले की वरची लेव्हल. १९७७ च्या ट्रॅव्हलरनं (तो अंतराळातला गेम, पण कल्पना तिथली आहे) कॅरेक्टरची आधीची नोकरीच खेळायला लावली, चार-चार वर्षांचे टप्पे, प्रत्येक टप्प्याला फासे, आणि फासे वाईट पडले तर गेम सुरू व्हायच्या आधीच कॅरेक्टर मरायचं. चौतिशीपासून वयामुळं कॅरेक्टरची ताकद उतरायला लागायची ते वेगळंच. १९७८ च्या रुनक्वेस्टनं क्लास काढूनच टाकले, जे कौशल्य वापराल तेच वाढेल, आणि वाढतंय का बघायला शंभराचा फासा आपल्या आकड्याच्या वर पडायला हवा, त्यामुळं नवख्याला शिकणं सोपं आणि उस्तादाला अवघड. मग १९८६ ला वॉरहॅमर फँटसी रोलप्ले आला आणि करिअर हा शब्द या छंदात खरा रुळला तो तिथून. त्यात उंदीर पकडणारा हेसुद्धा करिअर आहे, आणि प्रत्येक करिअरखाली लिहिलेलं असतं की काय वाढवता येईल, अंगावर काय सामान हवं आणि इथून बाहेर पडायच्या वाटा कुठल्या. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत एका करिअरच्या चार पायऱ्या केल्या. पायरी पूर्ण करून करिअर बदललं तर १०० एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) खर्च होतात, अर्धवट सोडलं तर २००.

आता सातारा-सांगलीकडं कुणी स्वतःचा गेम बनवायला बसलं तर त्याला युरोपातले नाइट उसने आणायची काहीच गरज नाही, सगळा माल इथंच पडलाय. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या घोडदळाची उतरंड दिलीये: पंचवीस घोड्यांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनौबत, म्हणजे सेनापती. पगार जुमलेदाराला वर्षाला ५०० होन (तेव्हाचं सोन्याचं नाणं), हजारीला १०००, पंचहजारीला २०००. ही तर तयार करिअरची शिडीच झाली, पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. पंचवीस बारगिरांवर (साध्या घोडेस्वारांवर) हवालदार एकच असतो, म्हणजे जागा कमी आहे. त्यामुळं नियम असा लिहावा की पॉइंट साठले म्हणून बारगीर हवालदार होत नाही, ती जागा रिकामी व्हायला लागते. जुना हवालदार मोहिमेत पडला, बदलून दुसऱ्या जुमल्यात गेला किंवा मग प्लेअरनंच काहीतरी असा पराक्रम केला की वरच्याला त्याला जागा करून द्यावीच लागली, आणि या तिन्हीतून गेममास्टरला (गेम चालवणाऱ्याला) एकेक गोष्ट आयती मिळते. बढती कागदावर झाली तर ती हिशोब असते, टेबलावर घडली तरच ती प्लेअरच्या लक्षात राहते.

वाटांचं पण तसंच. बारगिराला घोडा सरकारी पागेतला असतो, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो. मग बारगीर ते शिलेदार या वाटेची अट एक्सपी नसून घोडा ठेवायची. तो विकत घ्या, लुटीत मिळवा (पण लूट सरकारात जमा करायची असते, तिथं भानगड सुरू होते), सासऱ्याकडून आणा, कसाही आणा. पगाराची हमी गेली, पाठीवर खर्च आला, मोकळीक मिळाली. ही वाट वरची का खालची हे नियमानं सांगूच नये, ते प्लेअरला ठरवू द्यावं.

आडव्या वाटा, म्हणजे एका धंद्यातून वेगळ्याच धंद्यात नेणाऱ्या, बहुतेक लोक विसरतात आणि तिथंच पद्धत कोरडी पडते. मिरजेचं उदाहरण घ्या. तिथले सतारी बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, आणि एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी बसली तशी ती घराणी तंतुवाद्यांकडं वळली. गेममध्ये हे असं उतरवता येतं: शिकलगाराचं हाताचं कसब पूर्ण आकड्यासकट पुढं जाईल कारण कानस धरणारा हात तोच, सतारीच्या घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) जवारी काढताना, म्हणजे सूर खुलावा म्हणून ती घासतानाही तोच लागतो, पण हत्यार ओळखायचं कौशल्य तिथंच गोठेल आणि कानाचं कौशल्य शून्यापासून सुरू. सामानात भोपळा आणि तुणीचं लाकूड हवं. भोपळा पंढरपूरकडचा, म्हणजे प्रवास आला, आणि फँटसी गेम असल्यानं वाटेत वेताळ पण आला. लढाई संपली की कॅरेक्टर निरुपयोगी होत नाही, हे प्लेअरला कळणं फार गरजेचं आहे.

पहिलवानाचं पण असंच. शरीराचे आकडे वयानं उतरायला लागले की तालमीत वस्ताद होण्याची वाट उघडी हवी, जिथं तो स्वतः कमी लढतो पण दुसऱ्या प्लेअरला डाव शिकवून त्याचा एक्सपी खर्च कमी करतो. नाहीतर थेट दुसऱ्या नोकरीची वाट: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले आणि पुढं पोलीस खात्यात गेले.

एक अडचण प्रत्येक टेबलावर येतेच. एक प्लेअर हजारी झाला आणि दुसरा अजून नालबंदच (घोड्यांना नाल ठोकणारा) आहे, मग हे दोघं एकत्र का फिरतील? यावर उत्तर त्याच बखरीत आहे, दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी (पखालीतून पाणी वाहणारा) आणि एक नालबंद असायचा. म्हणजे प्लेअरांची टोळी सुरुवातीलाच एका हवालदाराभोवती बांधा: हवालदार, पखालजी, नालबंद आणि हवाच असेल तर एखादा मांत्रिक. हुद्द्याबरोबर जबाबदारी द्या, पंचवीस जणांचा पगार, दाणापाणी, आणि नालबंदाला असं काहीतरी द्या जे हवालदाराला मिळूच शकत नाही, उदाहरणार्थ कुठल्याही तळावर विचारपूस न होता शिरायची मुभा.

तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक करिअर एका चिठ्ठीवर लिहा आणि वाटांचे बाण काढा, सुरुवातीला बारा-पंधरा चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. जिथून एकच बाण निघतो ते करिअर अडकवणारं, जिथं सगळेच बाण येऊन पडतात तिथं सहा महिन्यांत सगळी टोळी तेच होऊन बसणार. अशा ठिकाणी पॉइंटचा भाव वाढवून उपयोग होत नाही, लोक तेवढे सेशन जास्त खेळतात आणि तिथंच पोचतात, त्यामुळं दुसरीकडं जाणारी एखादी चांगली वाट काढावी लागते.